सोडता येणारी गाठ : पिळायच्या तारांचे तुमचे अनुभव सांगा

आमच्या सासूबाईंच्या बोटांचे सांधे दोन वर्षांपासून सुजतात. चुरमुऱ्यांच्या पिशवीला मी सवयीनं घट्ट गाठ मारायची. दुपारी त्या घरात एकट्या असल्या की पिशवी तशीच राहायची आणि मी कामावरून आले की म्हणायच्या, "भूक नव्हती गं." एक दिवस त्या गाठीवर दातांच्या खुणा दिसल्या. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक पिशवीला तार आहे.

तार म्हणजे ब्रेडच्या पुड्याला किंवा नव्या चार्जरच्या वायरला येते ती. आत लोखंडाची बारीक तार, वर कागद नाहीतर प्लॅस्टिक. आता रबरासारख्या सिलिकॉनचं जाड आवरण असलेल्याही मिळतात, त्या वर्षानुवर्षं टिकतात. रबरबँडसारखी ही तार उन्हाळ्यात चिकट होऊन पिशवीला लागत नाही, आणि सुतळीसारखी ओली होऊन आवळतही नाही. वळवाल तशी राहते.

बेळगावच्या पावसात चुरमुरे सादळायला एक रात्र पुरते, म्हणून बांधायची रीत सांगते. आधी पिशवीतली हवा दाबून काढायची. मग तोंडाला पीळ द्यायचा, पिळलेली मान अर्धी खाली दुमडायची आणि त्या दुमडीवर तारेचे दोन वेढे घ्यायचे. नुसत्या मानेवर बांधलं तर मधून हवा जात राहते. आणि घरात सगळ्यांनी पीळ एकाच दिशेनं द्यायचा. आमच्याकडे उजवीकडे बांधायचं, डावीकडे सोडायचं. सासूबाईंना चाचपडत बसावं लागत नाही.

तुम्ही या तारा कशाकशाला वापरता ते लिहा. फसलेलंही लिहा.
— टिळकवाडी, बेळगाव

खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या बाजूनं लिहितोय. आमच्याकडे जूनमध्ये लागलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही, त्यामुळे कागदी आवरणाच्या तारा आमच्या कामाच्या नाहीत. कागद भिजून सुटतो, आतली तार गंजते आणि तो गंज मिठाच्या नाहीतर पोह्यांच्या पिशवीला लागतो. स्वयंपाकघरात फक्त प्लॅस्टिकच्या नाहीतर सिलिकॉनच्या ठेवा. कागदी असतील त्या वायरी गुंडाळायला, म्हणजे कोरड्या जागी वापरा.
परसात दोडका आणि कारल्याचा मांडव आहे. वेल काठीला बांधताना पहिल्या वर्षी मी तार आवळून बांधली होती. वेल जाड होत गेला, तार सालीत रुतली आणि तिच्यावरचा सगळा शेंडा वाळला. आता आठाच्या आकड्यासारखी बांधतो. एक वेढा काठीला घट्ट, दुसरा वेलाला सैल, करंगळी आत जाईल इतका. दर पंधरा दिवसांनी सोडून परत बांधतो. सुतळी असती तर दर वेळी कापावी लागली असती.

निपाणी. मी शिवणकाम करते. रिळाच्या आणि त्याच रंगाच्या बॉबिनच्या भोकातून तार ओवून टोकं पिळून टाकते, जोडी कधी चुकत नाही. आधी गिऱ्हाईक दारात उभं आणि मी डब्यात मोरपंखी बॉबिन शोधतेय, असं रोजचं होतं. तयार ब्लाउजच्या पिशवीला तार, आणि तारेत मापाची चिठ्ठी. मुलाच्या दप्तराच्या चेनची पट्टी तुटली होती, तिथेही तारेचं वेटोळं करून दिलंय. टोकं मात्र आत वळवा, बोटाला लागतात.

कडोलीकडून. मला सांगायचंय ते वेगळं आहे, पण सांगितलंच पाहिजे.
आमच्याकडे दोन गाई होत्या. शेजारपाजारचं शिळंपाकं, ब्रेडचे तुकडे बादलीत जमा व्हायचे आणि ते आम्ही गाईंना घालायचो. एका गाईनं खाणं कमी केलं, दूध आटलं. पाठ वाकवून उभी राहायची, उतारावरून खाली यायला नको म्हणायची. पुढं गळ्याखाली सूज आली. डॉक्टर म्हणाले, पोटात तार आहे. गाय चावून निवडून खात नाही. लोखंड जड, ते जाळीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या पुढच्या कप्प्यात, जाऊन बसतं. जाळीपोट आणि काळीज यांच्यात अंतर थोडं. पोट हललं की टोक पुढं सरकत काळजाच्या पिशवीपर्यंत जातं. आमची गाय वाचली नाही. दुसरीला डॉक्टरांनी लोहचुंबक गिळवलं. ते जाळीपोटातच राहतं आणि लोखंड धरून ठेवतं.
ती तार ब्रेडचीच होती असं मी म्हणणार नाही, कसली होती ते कळलं नाही. पण तेव्हापासून माझी सगळ्यांना विनंती आहे की तार जपून वापरा आणि तुटली तर वेगळी ठेवा. ओल्या कचऱ्यात, गाईच्या बादलीत टाकू नका. रस्त्यावर पिशवीसकट फेकू तर अजिबात नका, मोकाट गुरं ती पिशवीसकट खातात.

शहापूर. वरचं वाचून हात थांबला होता. तरी एक धोका मलाही सांगायचाय. आमच्या जुन्या घरात अजून फ्यूजचे किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायचे काढघालीचे ठोकळे, आहेत. एकदा रात्री फ्यूज उडाला आणि घरातल्या एकानं ब्रेडची तार सोलून लावली. फ्यूजची तार ठरलेल्या करंटला वितळावी अशी बेतलेली असते. लोखंडी तार वेळेवर वितळेलच असं नाही, मग वायरिंगच तापतं. आमचं किटकॅट काळं पडलं, वास आला म्हणून वाचलो. फ्यूजवायर स्वस्तात मिळते, घरात आणून ठेवा. मायक्रोवेव्हमध्येही तार लावलेली पिशवी ठेवू नका, ठिणग्या उडतात.
चांगलं सांगायचं तर आमच्या शेजारच्या अक्का कन्नड बोलणाऱ्या. पापड वाळले की दारात येऊन म्हणतात, "तंती कोड्री." मी चार तारा देते, दोन दिवसांनी पापडाच्या पिशवीबरोबर चारही परत येतात.

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू प्रवासात पडला. तारेवरचं आवरण सोलून आतली तार भोकातून घातली. बेळगावहून हुबळीला जाऊन परत येईपर्यंत टिकली.
— हिंडलगा

संकेश्वरहून. मिरचीचं गाव, त्यामुळं आमच्याकडे तिखट वर्षाचं होतं. मोठ्या डब्यात एकदम ठेवलं की रोज उघडून रंग उतरतो, म्हणून अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या करते. लाल तार तिखट मिरचीला, हिरवी कमी तिखटाला. तारेवर कागदी चिकटपट्टी दुमडून झेंड्यासारखी लावते आणि त्यावर महिना लिहिते. फ्रीजरमध्ये सोलाणे ठेवते, त्यांनाही तसंच. तिथं थंडीनं पट्टी सुटते, म्हणून महिना पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहून ओवते. एक तार साधारण किती दिवस जाते?

संकेश्वरच्या ताई, रोज उघडझाप असेल तर आमच्याकडे कागदी आठवडा-दोन आठवडे जाते. पीळ दर वेळी त्याच जागी पडला की तार तिथं कडक होऊन तुटते. थोडी सरकवून बांधली की जास्त टिकते. आमच्याकडच्या सिलिकॉनच्या दोन तारांना तिसरं वर्ष चालू आहे.
कडोलीचा अनुभव मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत. आज सकाळी ओट्याच्या कोपऱ्यात झाकणाची एक छोटी बरणी होती, आत दोन तुटक्या तारा.
— टिळकवाडी