विषय: बॅकयार्डातलं टायनी हाउस, बिल्डरशी जमवायचं कसं?

मुग्धा, सॅन होजे

नमस्कार मंडळी,

सासू-सासरे नाशिकहून येतात ते चांगले पाच-सहा महिने राहतात. घरात बेडरूम दोनच. मुलांचा अभ्यास रात्री बारापर्यंत, बाबांचा प्राणायाम पहाटे चारला. म्हणून बॅकयार्डात चाकांवरचं टायनी हाउस ठेवायचा विचार आहे. सॅन होजेत २०२० पासून त्याला परवानगी मिळते. बिल्डर बे एरियाबाहेरचा, स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बांधून ट्रकने आणून देणार. माणूस भला वाटतो, पण कोटेशन जेमतेम दोन पानी आहे आणि निम्मे पैसे आधी मागतोय. नवऱ्याचं म्हणणं, आधी घासाघीस करून किंमत पाडू, बाकी बांधता बांधता बघू. मला ते काही पटत नाहीये. कुणी बांधून घेतलं असेल तर कृपया लिहा.

शिरीष, सॅक्रामेंटो

मुग्धा,

"बांधता बांधता बघू" हे मोठ्या घरात एखाद वेळी खपून जातं, इथे नाही. खास परमिट न काढता रस्त्यावरून न्यायचं तर बाहेरून रुंदी साडेआठ फूटच. भिंती वजा केल्या की आत साधारण साडेसात फूट उरतात, म्हणजे ९० इंच. क्वीन गादी ६० बाय ८०. आडवी टाकलीत तर आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री बाथरूमला जायचं म्हणजे दुसऱ्याला ओलांडून. उभी टाकलीत तर ३० इंच मोकळे राहतात. ते सगळे एकीकडे ठेवायचे की दोन्हीकडे पंधरा-पंधरा, हे ठरल्याशिवाय बिल्डरला खिडकी आणि प्लग कुठे द्यायचे ते कळणारच नाही. लॉफ्टचा, म्हणजे शिडीने चढून वर झोपायच्या माळ्याचा विषय आई-बाबांसाठी काढूच नका.

गॅरेजच्या फरशीवर मास्किंग टेपने पूर्ण मापात घर आखा. ओट्याच्या जागी टेबल ठेवा, फ्रिजच्या जागी खोका. त्यात दोन माणसं एकमेकांना न धडकता चहा करू शकतात का बघा. मग नकाशावर सही करा.

सहीनंतर स्वयंपाकघर या टोकाचं त्या टोकाला नेऊ म्हणालात तर बिल्डर कपाळाला हात लावेल, आणि तो नाटक करत नसेल. टोइंग नीट व्हायला एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडतात त्या टोकावर यावा लागतो. ओटा, कपाटं, गीझर ही जड मंडळी हलली की तो सगळा हिशेब बदलतो. घर ज्या ट्रेलरवर बांधतात त्याला ७,००० पौंड पेलणारे दोन अॅक्सल असतील तर एकूण वजनाची मर्यादा १४,००० पौंड, आणि त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही आलं. सव्वा इंची ग्रॅनाइट चौरस फुटाला १८ पौंडांच्या आसपास भरतं. तेव्हा ग्रॅनाइटचा हट्ट असेल तर तो आजच सांगायचा.

विजेचं तर सगळ्यात आधी. कोटेशनमध्ये ३० अँप लिहिलंय की ५० ते बघ. फरक वीसचा नाही! ३० अँपची जोडणी १२० व्होल्टची, म्हणजे ३,६०० वॅट. ५० ची २४० व्होल्टची, १२,००० वॅट. साधी प्लगवाली इंडक्शन शेगडी एकटीच १,८०० वॅट खाते. त्यात हीटर आणि मिक्सर लागला की ३० वाल्या घरात फोडणी अर्ध्यावर असताना अंधार.

फोडणीवरून आठवलं. चिमणी हवा बाहेर टाकणारीच हवी. तीच हवा गाळून परत खोलीत सोडणारी लावली तर गादी-उशांना मिरचीचा वास कायमचा. भिंतीला भोक कुठून पाडायचं हे बिल्डरला फ्रेम उभी करण्याआधी कळायला हवं. घर हवाबंद असतं, तेव्हा चिमणी चालू असताना समोरची खिडकी बोटभर उघडायची.

आणखी एक. बाथरूममध्ये कमोडजवळ, शॉवरमध्ये आणि दारापाशी धरायला दांडे लागतील. भिंत बंद व्हायच्या आधी आत आडवी लाकडं ठोकून घेतली तरच ते पुढे माणसाचं वजन पेलतात. त्या टप्प्याला वर्कशॉपमध्ये स्वतः जा. वायरी, पाइप, लाकडं दिसतील असे प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी मापपट्टी धरून.

वैशाली, फ्रीमाँट

मी एका काँट्रॅक्टरच्या ऑफिसात हिशेब बघते, त्यामुळे जरा पलीकडच्या बाजूने लिहिते.

मुग्धा, किंमत पाडायला जाल तर बिल्डर नाही म्हणणार नाही. तो "अलाउन्स" कमी करेल. नळ, दिवे, टाइल्स यांच्यासाठी अंदाजाने धरलेली रक्कम म्हणजे अलाउन्स, वरचा खर्च तुमचा. कागदावर घर स्वस्त दिसतं आणि शोरूममध्ये गेल्यावर महाग होतं. त्यापेक्षा यात काय काय धरलेलं नाही हे विचार. ट्रकभाडं? जागेवर आणून लेव्हल करणं? पाणी, ड्रेनेज, वीज जोडणं? ओळीओळीने लिहून घे. प्रत्येक वस्तूचा मॉडेल नंबर तुम्हीच द्या.

पैशांबद्दल. कॅलिफोर्नियात घराच्या कामाचा करार असेल तर काँट्रॅक्टर सुरुवातीला १,००० डॉलर किंवा १० टक्के, यातलं जे कमी असेल तेवढंच घेऊ शकतो. पण चाकांवरचं घर गाडीसारखं विकलं जातं. तिथे हा नियम तुमच्या मदतीला येईल असं धरून चालू नका. बिल्डरचंही बरोबर आहे, ट्रेलर आणि खिडक्या त्याला आधी रोख मोजून घ्याव्या लागतात. मधला मार्ग असा: पहिला हप्ता ट्रेलरपुरता आणि ट्रेलरचे कागद तुमच्या नावावर. पुढचे हप्ते फ्रेम आणि छप्पर झाल्यावर, मग भिंती बंद व्हायच्या आधी, मग फिनिशिंगला. शेवटचा हप्ता प्रमाणपत्र हातात पडल्यावरच. कुठलं प्रमाणपत्र चालतं ते सिटीकडून लेखी घ्या. एनएफपीए ११९२ आणि ए११९.५ ही दोन नावं ऐकू येतील, चाकांवरच्या घरांच्या सुरक्षिततेची ही मानकं. बिल्डर त्यातलं नक्की कुठलं देतो, तपासायला कोण येतं, ते करारात हवं.

आता पलीकडची बाजू. आमच्याकडे एका घराचे चार जण चार निरोप पाठवतात. नवरा म्हणतो पांढरी टाइल, बायको म्हणते करडी, आणि पुण्याहून काकू फोटो पाठवतात! बिल्डरशी बोलणारं माणूस एकच ठेवा. आठवड्यातून एक ठरलेला फोन, नंतर त्याचा सारांश ईमेलने. मध्ये काही बदललं तर काय बदललं, किती डॉलर आणि किती दिवस वाढले हे लिहून दोघांच्या सह्या. व्हॉट्सअॅपवरचा अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे. बिल्डर प्रश्न विचारतो तेव्हा उत्तर लवकर द्या. तुमच्या एका न आलेल्या उत्तरासाठी सुतार थांबत नाही, तो दुसऱ्या घराच्या कामाला लागतो आणि मग तुमचा नंबर केव्हा लागेल ते तोच जाणे.

दिनकरकाका, क्युपर्टिनो

सूनबाई, आम्ही गिरगावात दोन खोल्यांत सात जण वाढलो, त्यामुळे मापांचं मला कौतुक नाही. पण पायऱ्यांबद्दल कुणीच कसं बोललं नाही? ट्रेलरवरच्या घराची जमीन अंगणापासून दोनेक फूट वर असते. दाराबाहेरच्या पायऱ्या, कठडा, छोटं डेक हे बहुतेक वेळा कोटेशनमध्ये नसतंच, बिल्डर घर सोडून निघून जातो. सत्तरीच्या माणसाला हे बेडरूमपेक्षा महत्त्वाचं. आणि कमोडपाशी जेट स्प्रेचा जोड आत्ताच सांगून ठेव, त्या बिल्डरला तो आपणहून सुचायचा नाही.

शिरीष, टेपची युक्ती छान. पण चालायला आई-बाबांनाच लावा. तुम्ही तरुण लोक कशातही मावता.

मुग्धा

सगळ्यांचे आभार. काल बिल्डरशी तासभर बोलले. काका, पायऱ्या खरंच धरलेल्या नव्हत्या. वीज ३० अँपच होती. ५० चा फरक तो लिहून पाठवतोय. हप्त्यांचं म्हटल्यावर जरा कुरकुरला, पण पहिला हप्ता निम्म्याऐवजी तिसऱ्या हिश्शावर आला आणि ट्रेलरचे कागद आमच्या नावावर द्यायला तयार आहे. बोलणारं माणूस मी. नवऱ्याने आनंदाने जबाबदारी सोडली, यातच काय ते समजा.

चिमणीचं भोक मात्र बरोबर आईंना हव्या असलेल्या खिडकीच्या जागी येतंय. त्यावर नाशिकला आज रात्री व्हिडिओ कॉल आहे. दरम्यान बॅकयार्डात ५० अँपचं आउटलेट बसवून देणारा लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन सॅन होजेत कुणाच्या माहितीत असेल तर मला थेट मेल करा, लिस्टवर नको.