'कधीकधी' की 'बऱ्याचदा'? एडीएचडीचा फॉर्म भरताना अडलेय

मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं नि अतिचंचलपणा, आहे का ते बघायला डॉक्टरांनी व्हॅन्डरबिल्ट नावाची प्रश्नावली दिलीय. प्रत्येक प्रश्नापुढे 'कधीच नाही', 'कधीकधी', 'बऱ्याचदा' किंवा 'फारच वेळा' अशी खूण करायची. पालकांना ५५ प्रश्न, शिक्षकांचा ४३ चा वेगळा. काल तो झोपल्यावर भरायला बसले आणि पहिल्याच पानावर तीनदा खाडाखोड केली.

'कामाला लागणाऱ्या वस्तू हरवतो.' आता पेन्सिल हरवत नाही, कारण रोज रात्री दप्तर मीच भरते, पेन्सिलींवर नावंही मीच चिकटवलीत. मग 'कधीच नाही' लिहू? मी हात काढून घेतला तर आठवड्यात दप्तरच हरवून येईल!

पुढे शस्त्र वापरतो का, प्राण्यांना छळतो का... पोटात गोळाच आला. नवऱ्याचं सगळ्याला 'कधीकधी'. दोघांनी बसून एक उत्तर ठरवायचं का? आणि खरं सांगू, 'बऱ्याचदा'वर खूण करताना वाटतं, आपणच पोराच्या पाठीमागे चुगली करतोय.

दोन मुलींची आई: अगदी हेच केलं होतं मी. थोरलीच्या वेळी सगळीकडे हात राखून खुणा केल्या. शिक्षिकेचा फॉर्म आला तो एकदम उलटा. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, 'गृहपाठाला तुम्ही शेजारी किती वेळ बसता?' म्हटलं, दोन तास. ते त्यांनी लिहून घेतलं. तेव्हा ताई, दिसतं ते लिहा आणि बाजूला पेन्सिलीत लिहा, 'दप्तर मी भरते.' ती ओळ डॉक्टरांना खुणेइतकीच कामाची.

शाळेत शिकवते: आम्हाला एक सोय असते, त्याच वयाची बाकीची मुलं समोरच असतात. तुमच्या पालकांच्या फॉर्मवरही लिहिलेलं असतं की वयाच्या मानाने बघा आणि गेल्या सहा महिन्यांचं आठवा. वर्गात गोंधळ झाला त्या दिवशी मी फॉर्म हातात घेत नाही, सगळं 'फारच वेळा' होऊन बसतं. शस्त्राबिस्त्राचे प्रश्न सगळ्याच पालकांना असतात, वर्तनाच्या इतर अडचणी तपासायला. 'कधीच नाही' करा नि पुढे चला.

रात्रपाळीवाला बाबा: एक उत्तर ठरवू नका. आम्ही दोन प्रती भरल्या. मी घरी येतो तेव्हा तो झोपलेला, मला दिसतो तो रविवारचा मुलगा. बायकोला दिसतो तो सकाळी सातचा. दोन्ही खरेच. गुणांचं म्हणाल तर 'बऱ्याचदा' आणि त्यापुढचंच लक्षण म्हणून मोजतात, लक्ष न लागण्याचे नऊ प्रश्न नि अतिचंचलपणाचे नऊ, त्यातल्या एका गटात तरी नऊपैकी सहा लागतात. पण निदान नुसत्या बेरजेवर होत नाही. घर आणि शाळा दोन्हीकडे त्रास दिसतो का, बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, तेही बघतात.

मूळ प्रश्न विचारणारी: बाबा, ते सहाचं नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, आता बोटं आपोआप मोजायला लागतात! असो. काल रात्री मुद्दाम दप्तराला हात लावला नाही. सकाळी स्वारी बूट घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून तयार. दप्तर पलंगाखाली. 'हरवतो'पुढे 'बऱ्याचदा' केलं, बाजूला पेन्सिलींचंही लिहिलं. नवऱ्याला कोरी प्रत दिलीय, त्याच्या खुणा बघणार नाही.