किल्ली खिशात ठेवा

रिमोट आणि रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच) वापरून लांबूनच अनार, म्हणजे ठिणग्यांचा कारंजा उडवणारा फटाका, पेटवायची कल्पना इथे कोणीतरी मांडली आहे. माणूस फटाक्याच्या दारूपासून दूर राहतो, म्हणून हेतू मला पटतो. पण चर्चा सगळी 'पेटेल कसं' यावरच चालली आहे. नको तेव्हा पेटलं तर काय?

अमेरिकेत मॉडेल रॉकेट उडवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची नियमावली यासाठी वाचण्यासारखी आहे. ही छोटी रॉकेटं वायरीतून करंट सोडून पेटवतात. उडवायच्या बटणाशी सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या त्याच वाटेवर, एक सुरक्षा-किल्ली हवीच; ती काढली की बटण दाबूनही करंट जात नाही. बटणही दाबून धरेपर्यंतच चालू राहणारं, डोअरबेलसारखं. बोट उचललं की बंद. दिव्याच्या बटणासारखा, एकदा दाबला की तसाच राहणारा टॉगल स्विच चालत नाही, कारण तो मागच्या वेळी चालूच राहिला असेल तर रॉकेटला वायर जोडताक्षणी करंट जातो आणि तेव्हा आपला हात नेमका रॉकेटपाशी असतो. म्हणूनच वायर जोडायला जाणाऱ्याने किल्ली काढून स्वतःच्या खिशात घालायची. दुसऱ्याच्या हातात अजिबात नाही!

स्वस्त रिलेचे कॉन्टॅक्ट, म्हणजे आतले एकमेकांना टेकणारे धातूचे तुकडे, कधी कधी चिकटून बसतात. रिमोट 'बंद' म्हणतो, करंट मात्र वाहतच राहतो. त्यामुळे रिमोटवर भिस्त ठेवण्यापेक्षा लांब वायर मला केव्हाही बरी वाटते.

आणि बटण दाबूनही काही झालं नाही, तर? त्या नियमावलीत किल्ली काढून किंवा बॅटरी सोडवून 60 सेकंद कोणीही जवळ जायचं नाही. आपल्याकडे फुसका निघाला म्हणून मुलं लगेच वाकून बघतात, आणि डोळ्यांना इजा होण्याचा धोका तिथेच असतो. फटाक्यासाठी मी तर याहून बराच जास्त वेळ थांबेन, मग लांबूनच भरपूर पाणी ओतेन.