मदत हवी आहे: डोळे मिटले की बाबांचा तोल जातो, कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात?

नीलिमा_सांगली:
बाबा ७१ वर्षांचे. मधुमेह जुना, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू, शुद्ध शाकाहारी. दिवाळीपासून बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की ते पुढे झोकांडतात. एकदा नळावर कपाळ आपटलं. रात्री लाइट गेली की भिंत धरून चालतात. दिवसा बाजारात जाऊन येतात, पण पाय फाकवून आणि नजर सतत जमिनीकडे. गादीवर चालल्यासारखं वाटतं म्हणतात. खोली फिरत नाही, कुशीवर वळताना त्रास नाही, ऐकू नीट येतं.

आमच्या डॉक्टरांनी चक्करीच्या गोळ्या दिल्या, मानेचा एक्स-रे काढून पट्टा दिला. फरक काहीच नाही, उलट दिवसभर गुंगी. आता कोणी कानाच्या डॉक्टरांकडे जा म्हणतं, कोणी न्यूरोकडे. मशीनवर उभं करून तोल मोजतात, ते करावं का? पहाटे काकडआरतीला जाणं त्यांनी बंद केलंय, ते मला फार लागलंय.

स्मिता७४:
माझ्या आईला असंच होतं. कानातले खडे सरकले होते. डॉक्टरांनी मान वळवून झटकन आडवं केलं, डोळे कसे हलतात ते पाहिलं आणि तिथेच डोकं ठरावीक क्रमाने वळवून खडे जागेवर आणायची एप्लीची क्रिया केली. लगेच बरं वाटलं. कानाचेच डॉक्टर गाठा.

नीलिमा_सांगली:
ताई, त्यात कूस बदलली की खोली गरगर फिरते ना? बाबांना तसं अजिबात नाही.

फिजिओ_कराड:
नीलिमाताई, तुम्ही लिहिलेलं बेसिनचं निरीक्षण फार मोलाचं आहे, डॉक्टरांना हेच आधी सांगा. उभं राहायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोट्यांतल्या संवेदना. एक कमी पडली तर उरलेल्या दोन सांभाळून घेतात. बाबा जमिनीकडे बघत चालतात म्हणजे पायांची उणीव ते डोळ्यांनी भरून काढत असावेत. डोळे मिटले की तो आधार जातो.

हे तपासायला मशीन लागत नाही. पाय जुळवून आधी डोळे उघडे, मग मिटून उभं करतात. ही राँबर्ग चाचणी. घरी करू नका, पडतील. पायाच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क ठेवून कंप जाणवतो का पाहतात, घोट्यामागे हातोडीने हलकं ठोकून पाय आपोआप हलतो का (रिफ्लेक्स) बघतात. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांत बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर तेही कारण असू शकतं.

रक्तात बी १२ जीवनसत्त्व नक्की बघा, ते कमी पडलं की नसा कमजोर होतात. ते कमी व्हायची कारणं म्हणजे मेटफॉर्मिन, शाकाहार आणि वय, तिन्ही जुळून आलंय. इंजेक्शनं सुरू करण्याआधी रक्त द्या, नाहीतर पातळी वरवर चांगली दिसते आणि निदान निसटतं. मेटफॉर्मिन मात्र मनाने थांबवू नका.

पहिली भेट न्यूरॉलॉजिस्टची. मानेचं दुखणं अगदी सोडून देऊ नका. मज्जारज्जू दबला असेल तरी चाल अशीच होते. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का, लघवी धरवत नाही का, हे विचारा. तसं असेल तर एक्स-रे पुरत नाही, एमआरआय लागतो. तोल मोजायचं मशीन नंतर, गरज पडली तर.

अरुणकाका:
बेटा, तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेव. बेसिनपाशी स्टूल आणि भिंतीला दांडी लाव, तोंड बसून धुऊ देत. सपाता बंद, पातळ पण कडक तळव्याची, मागून बंद चप्पल घे. गुंगीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचार, म्हाताऱ्या माणसाला त्या जास्त डोलवतात. आणि अचानक तोल जाऊन बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसले किंवा एक बाजू लुळी पडली, तर कोणालाही विचारत बसू नकोस, थेट मोठं हॉस्पिटल.

नीलिमा_सांगली:
आत्ताच विचारलं. बटणं आईच लावून देते, बरेच महिने झाले. आम्ही म्हातारपण समजत होतो. लघवीचं ते बोलले नाहीत, पण बाथरूमकडे घाईने जातात खरं. फिजिओ_कराड, मग बी १२ च्या रिपोर्टची वाट न बघता मानेचा एमआरआय आधी करावा का? न्यूरोची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळतेय.

फिजिओ_कराड:
पुढच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. उद्या फोन करून ही दोन लक्षणं सांगा आणि लवकरची वेळ मागा. एमआरआय कोणत्या भागाचा ते त्यांनी तपासून लिहू देत. बी १२ चं रक्त उद्याच द्या.