मदत हवी आहे: टाइप 18ए लाँगस्वोर्डचे कडक केलेले पाते पातळ कसे करावे?

ओकशॉट या अभ्यासकाने केलेल्या मध्ययुगीन युरोपीय तलवारींच्या वर्गीकरणातील 18ए प्रकारच्या लाँगस्वोर्डची (दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीची) प्रतिकृती आहे. ईएन45 स्प्रिंग स्टील, पाते 90 सेंमी, मध्यभागी कणा असलेला चौकटच्या पत्त्यासारखा छेद, धार बोथट. एकूण वजन 1.8 किलो, तोलबिंदू पारजेपासून (मुठीपुढच्या आडव्या दांड्यापासून) 16 सेंमी पुढे. त्यामुळे टोक जड लागते आणि वार थांबवता येत नाही.

दोष उघड आहे: कण्याची जाडी पारजेपाशी 7 मिमी आणि टोकाशीही 7 मिमी. जुन्या युरोपीय तलवारींत जाडी टोकाकडे उतरत जाते. स्वस्त प्रतिकृतींत नेमके हेच टाळलेले असते, कारण पट्टी सरळ कापून विकणे सोपे.

मुठीच्या टोकाचा गोळा (पारजेपासून 24 सेंमी मागे) 200 ग्रॅमने वाढवला तर तोल 12 सेंमीवर येतो, पण तलवार 2 किलोची होते. हा उपाय नको. उलट कणा टोकाकडे 3 मिमीपर्यंत उतरवला तर साधारण 220 ग्रॅम पोलाद निघेल आणि तोल 11 सेंमीच्या आसपास येईल.

अडचण घासण्याची. पाते आधीच कडक केलेले आहे, घासताना फार तापले तर कडकपणा उतरेल. निळा रंग चढला म्हणजे तापमान 300 अंशांजवळ गेले, आणि टोकाचा पातळ भाग सर्वांत लवकर तापतो. एकाच बाजूने जास्त घासले तर वाक येतो.

बेल्ट ग्राइंडरवर 36 की 60 ग्रिटचा (खरखरीतपणाचा) पट्टा? दर फेरीनंतर पाण्यात बुडवणे पुरेल का? की पाते मऊ करून, घासून, पुन्हा पाणी देणेच (तापवून कडक करणेच) बरे? 90 सेंमी लांबीची भट्टी महाराष्ट्रात कुठे भाड्याने मिळते?