डिसेंबर २०१५मध्ये लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबचा प्रशिक्षक असलेल्या क्लॉपचं नेमकं काय चुकलं?
वेस्ट ब्रॉम या क्लबशी घरच्या मैदानावर २-२ बरोबरी झाली आणि क्लॉपने खेळाडूंसह हातात हात घालून प्रेक्षकांना वंदन केलं; नुसत्या बरोबरीनंतर वंदन कसलं करता, अशी टीका झाली. मला नाही पटलं. ८ नोव्हेंबरला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध घरच्याच मैदानावर ८२व्या मिनिटाला गोल खाल्ला आणि लोक उठून चालायला लागले होते. वेस्ट ब्रॉमविरुद्ध ९०व्या मिनिटालाही आपण १-२ने मागे होतो, पण अ‍ॅनफिल्डवरचे, म्हणजे घरच्या मैदानावरचे, प्रेक्षक जागचे हलले नाहीत. ९६व्या मिनिटाला आपल्या ओरिगीचा फटका बचावपटूला लागून आत गेला आणि मी इथे पुण्यात रात्री साडेअकराला असा ओरडलो की आई झोपेतून उठून आली! वंदन त्या थांबलेल्या लोकांना होतं. बचाव तेव्हा कच्चाच होता, कॉर्नर आला की धडकी भरायची. पण कित्येक महिन्यांनी पुढच्या मॅचची वाट बघत होतो.