मदत हवी आहे : रौज़ा शरीफच्या ज़ियारतीसाठी अम्मींची सोय

अस्सलामु अलैकुम. उमरा (मक्केची छोटी यात्रा) पूर्ण झाल्यावर अम्मींना घेऊन मदीनेत मस्जिद-ए-नबवीच्या ज़ियारतीस (दर्शनास) जाण्याचा मानस आहे. इसवी सन ६२२ मध्ये उभारणी सुरू झालेल्या या मशिदीत, हुज़ूर पाक पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांचे घर आणि मिंबर (प्रवचनाचे व्यासपीठ) यांमधील ज्या जागेला हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचनांत) जन्नतच्या बागांपैकी एक बाग म्हटले आहे, त्या रौज़ात दोन रकात नफल (ऐच्छिक नमाज़) अदा करण्याची अम्मींची अनेक वर्षांची तळमळ आहे. गुडघ्यांच्या त्रासामुळे त्या चाकांच्या खुर्चीवर असतात.

रौज़ात प्रवेशासाठी नुसुक या सौदी सरकारच्या ॲपवर आगाऊ परवाना घ्यावा लागतो आणि स्त्री-पुरुषांच्या वेळा वेगळ्या असतात, त्यामुळे मला त्यांच्यासोबत आत जाता येणार नाही. माझी खरी चिंता हीच आहे. ज्यांनी वयोवृद्ध आईला किंवा सासूबाईंना असे आत पाठवले असेल, त्यांनी कृपया सांगावे : खुर्चीसह प्रवेश कोणत्या दारातून मिळतो, आत खुर्ची ढकलण्यास महिला सेविका मदत करतात का आणि गर्दीत सजद्याऐवजी (जमिनीवर कपाळ टेकण्याऐवजी) इशाऱ्याने नमाज़ पढण्याइतकी निवांत जागा मिळते का?

घरून वुज़ू (नमाज़पूर्वीची शुद्धी) करून मदीनेतीलच मस्जिद-ए-कुबा येथे नमाज़ पढल्यास उमऱ्याइतके सवाब (पुण्य) मिळते, असे हदीसमध्ये आहे, म्हणून तिथेही जायचे आहे. तेथील खुर्चीच्या सोयीविषयीही कळवावे.